शेजारची सीट

एका दिवसात जाऊन परत येण्यासारखी ठिकाणं आमच्या ऑफिसबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलेली असतात. तळं, जुना किल्ला, गरम पाण्याचे झरे, फुलांची शेती आणि सगळ्यात खाली दीपगृह. शहर डोळे चोळत असताना निघायचं आणि रात्रीच्या जेवणाला घरी परतायचं. एवढ्या मोठ्या शहरातल्या माणसाला याहून जास्त सवड कुठून मिळणार? मी खिडकीत बसते, तिकिटं फाडते, सीट देते आणि प्रत्येकाला न चुकता सांगते, पाण्याची बाटली घ्या, डोक्यावर काहीतरी घ्या आणि आपल्या शेजारच्याला नीट ओळखून ठेवा.

शेवटचं ऐकून लोक हसतात. पण आमच्या गाडीत डोकी मोजत नाहीत. मालकांनी सुरुवातीला मोजून पाहिली. पोरं आयांच्या मांडीवर चढायची, आजोबा मागच्या सीटवर जाऊन आडवे व्हायचे, कोणीतरी खाली वाकून चप्पल शोधत असायचं आणि दर वेळी बेरीज वेगळी. म्हणून मग ही पद्धत निघाली. परतीच्या वेळी गाईड दाराशी उभा राहून भोंग्यातून एकेक रांग पुकारतो, "चौथी रांग, शेजारी आहे?" माणसाने स्वतःबद्दल बोलायचं नाही, शेजारच्याबद्दल बोलायचं. आहे तर 'आहे', नाही तर 'नाही'. एक 'नाही' कानावर पडलं की गाडी जागची हलत नाही. गाईड उतरतो, शोधून आणतो, मगच निघायचं. या गाईडला सगळे भोंग्याच म्हणतात, त्याची आईसुद्धा.

माझी आई या सहलींवर जीव टाकायची. तिची सहलीची पिशवी दाराच्या मागे कायम भरलेली असे. तिच्यात वाटी-चमचा, सेफ्टी पिना, एक जुना टॉवेल आणि गाडी लागणाऱ्या परक्या पोरांसाठी लिंबू. आई दादाकडे राहायची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याची बायको, माझी वहिनी, कधीमधी सोबत म्हणून आईबरोबर जायची, आणि तसं ती चार लोकांत सांगायचीही. "सासूला घेऊन फिरते हो मी. आजकाल कोण फिरवतं?"

अशाच एका दिवशी दोघी दीपगृहाला गेल्या आणि परत आली ती एकटी वहिनी.

आई दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीच्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसून आली. दीपगृहावरच्या माणसाच्या बायकोने तिला घरात घेतलं होतं, गरम पाणी दिलं होतं. आई दारातूनच मला म्हणाली, "अगं, मी नळावर पाय धुवायला गेले होते. हिला सांगून गेले होते. आले तर गाडी निघालेली."

वहिनीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दादाकडे बघून हळूच मान हलवली. "माझा जरा डोळा लागला होता हो. यांना मी कधीच्या गाडीत चढलेल्या समजत होते. कुठे भरकटल्या देव जाणे. हल्ली यांना भान राहत नाही, मी तुम्हाला सांगतच होते ना?"

त्यानंतर आईची पिशवी दारामागून गेली. मग बाहेर जायच्या चपला गेल्या. मग तिच्या खोलीला बाहेरून कडी लागली. तिच्याच काळजीपोटी, असं दोघंही म्हणायची. मी दादाशी भांडले. तो म्हणाला, "तुला काय जातंय? तू आठवड्यातून एकदा येणार, हातात फळं घेऊन. सांभाळते ती." मी गेले की आई माझा हात धरायची. "चिमे, मी विसरले नव्हते गं. मी सांगून गेले होते." कितीतरी दिवस ती हेच सांगत राहिली. मग एकदा मी गेले तर ती खिडकीशी बसून म्हणाली, "विसरलेही असेन बाई. सगळे म्हणतात त्या अर्थी विसरलेच असेन."

त्या थंडीत ती गेली. तिच्या खोलीत वहिनीने पार्लर काढलं. भिंतभर आरसा लावला. सुतार म्हणाला, या भिंतीचं माप मी कधीचं घेऊन ठेवलंय, काम तेवढं आत्ता मिळालं.

आईच्या पाठीमागे मी या ऑफिसात नोकरी धरली. तिच्या आवडीच्या ठिकाणांची नावं रोज घेता यावीत एवढाच हेतू होता, दुसरं काही मनात नव्हतं. माझी आई कोण, हे तिथे कोणाला माहीत नव्हतं.

उन्हाळ्यात एका दुपारी ड्रायव्हरकाका खिडकीशी चहा पीत उभे होते. भोंग्या नव्या गाईडला शेजाऱ्याची पद्धत शिकवत होता. काका म्हणाले, "पद्धत झकास आहे रे, पण शेजारीच खोटं बोलला तर आपली मान अडकते. ती दीपगृहावर राहिलेली आजीबाई आठवते ना?"

"मी होतो की," भोंग्या म्हणाला. "मी दोनदा विचारलं होतं, काका. शेजारी आहे? शेजारी आहे? ती बाई म्हणाली, आहे, आहे, झोपल्यात त्या, उठवू नका. आणि शहरात येऊन बघतो तर सीटवर उशी! फुगवायची असते ती, निळी. तिच्यावर शाल अशी पांघरलेली, की मलाही वाटलं म्हातारी मुटकुळं करून झोपलीये."

"कोण होती ती?" मी विचारलं.

"सून असावी. हिरव्या काचांचा चष्मा होता. तीच उलट माझ्यावर ओरडली, तुमचं लक्ष कुठे असतं म्हणून."

मी पुढच्या माणसाचं तिकीट फाडलं. ते वाकडं फाटलं.

हिरव्या काचांचा चष्मा मला ठाऊक होता. निळी उशीही ठाऊक होती. वहिनीला ती मीच दिली होती, मान दुखते म्हणायची म्हणून.

इथे माझ्या नेमांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. खोटं बोलायचं नाही. कोणाला शाप द्यायचा नाही. आणि सूर्य मावळला की घरी जाऊन देवापुढे दिवा लावेपर्यंत तोंड उघडायचं नाही. खुणा करायच्या नाहीत, मानही हलवायची नाही, कारण खुणेने बोलणं म्हणजे बोलणंच. हे सगळ्या ऑफिसला माहीत आहे. वहिनीलाही माहीत होतं. "वन्संचं बरंय," ती पाहुण्यांना सांगायची, "संध्याकाळी कोणी आलं की देव यांना चहा विचारण्यातूनसुद्धा सोडवतो."

मी लगेच दादाकडे जाऊन बोलले असते, तर काय झालं असतं तेही मला दिसत होतं. वहिनीने डोळ्याला पदर लावला असता. ड्रायव्हर-गाईड काय, स्वतःची चूक झाकायला काहीही सांगतील, असं म्हणाली असती आणि दादाने आधीसारखीच मान हलवली असती. आईचं विसरणं तसंच कायम राहिलं असतं.

म्हणून मी थांबले. दीपगृहाची गाडी परत निघते ती वर्षभर एकाच वेळेला. उन्हाळ्यात त्या वेळी ऊन असतं. थंडीत सूर्य आधीच बुडालेला असतो. मी दिवस लहान व्हायची वाट पाहिली. खिडकीतून समोरच्या इमारतीवरचं ऊन रोज थोडं लवकर उतरताना बघत बसले, आणि खरं सांगते, इतकी शांत मी त्याआधी कधी नव्हते. रोजचं वाचन झालं, प्रार्थना झाली, एक दिवसही खंड पडला नाही.

ऑफिसातल्या माणसांना वर्षातून एकदा दोन सीट मिळतात. मी वहिनीला फोन केला.

"फुकट?" तिने विचारलं.

"फुकट."

"मग येते की. कुठली गाडी?"

"दीपगृह."

मला वाटलं होतं, निदान इथे ती क्षणभर थांबेल. "अय्या, दीपगृह!" ती म्हणाली. "किती दिवसांत गेले नाही! शिंपल्यांच्या वस्तू छान मिळतात तिथे. पार्लरच्या आरशाला लावायला होतील."

मी आम्हाला सगळ्यात मागची रांग दिली. खिडकी मला, बाहेरची सीट तिला.

दिवस चांगला गेला, हे मला लिहायलाच हवं. समुद्र स्वच्छ होता. दीपगृहाच्या जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्यात, त्यावरून आम्ही दोघी भिंत धरत वर गेलो. वहिनीने हिरव्या चष्म्यात माझ्याकडून फोटो काढून घेतले. "कंबर येऊ देऊ नका हो वन्सं, कंबर कापा." खाली आल्यावर डबे खाल्ले. मग हात धुवायला आम्ही त्या नळावर गेलो. नळ एकच आहे, फाटकाच्या आत, गाडी उभी राहते तिथून हाकेच्या अंतरावर.

मी पाणी सोडलं आणि विचारलं, "वहिनी, आई इथेच पाय धुवायला आली होती ना?"

मी तिला संधी दिली होती. तिने एक शब्द जरी खरा काढला असता, तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

"सोडा हो ते," ती ओंजळ झटकत म्हणाली. "बिचाऱ्या. भानच नव्हतं त्यांना. मी म्हणून निभावलं, दुसरी कोणी असती ना, तर वृद्धाश्रम दाखवला असता."

मी नळ घट्ट बंद केला.

सूर्य पाण्याला टेकला, बुडाला. माझं तोंड मिटलं. लोक गाडीत चढू लागले. वहिनीने तिची निळी उशी फुगवून सीटवर ठेवली, वर शाल टाकली, म्हणजे जागा कोणी घेऊ नये. फोन सीटजवळच्या पॉइंटला चार्जिंगला लावला. मग म्हणाली, "वन्सं, ती शंखांची समई मनातून जातच नाही. घेऊन येते. मघाशी भाव ऐकत नव्हता मेला, आता दुकान बंद करताना ऐकेल. भोंग्याला सांगा थांबायला." तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. "हात्तिच्या, तुमचं सुरू झालं होय! असू दे. शेजारी तुम्ही असताना मला कोण सोडून जातंय!"

ती किनाऱ्यावरच्या दुकानांकडे पायऱ्या उतरून गेली. वारा समुद्रावरून वर येत होता. अशा वाऱ्यात वरचा हॉर्न खाली ऐकू जात नाही.

भोंग्या दाराशी आला. "पहिली रांग, शेजारी आहे?" आहे, आहे. "दुसरी रांग?" आहे. तिसऱ्या रांगेत एक नवरा-बायको भांडलेले होते, तिथे नवरा म्हणाला, "आहे, नाइलाज आहे," आणि गाडीभर हशा पिकला. रांगा मागे मागे येत गेल्या. माझ्या हातात जपमाळ होती, पण मी जप करत नव्हते. मी आईला त्या दिवशीच्या पुकाऱ्याच्या वेळी सीटवर बसलेली पाहत होते, म्हणजे उशीला.

"शेवटची रांग! मावशी, शेजारी आहे?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

"मावशी?" आणि मग त्याने स्वतःच कपाळावर हात मारला. "अरे, मावशींचं मौन लागलं! काय ओ मावशी, 'नाही' असेल तर तेवढं तरी सांगाल की नाही देवाला विचारून?" पुन्हा हशा. माझ्या पुढच्या सीटवरची बाई मागे वळून म्हणाली, "झोपल्यात वाटतं त्या. शालीत गुरफटल्यात."

"मग मावशी शेजारी असताना काय काळजी," भोंग्या म्हणाला. "देवमाणूस. चला काका!"

गाडी हलली.

रस्ता वळणावर उंच जातो, तिथून फाटक आणि पायऱ्या पुन्हा एकदा दिसतात. वहिनी धावत वर येत होती. एका हातात शंखांची समई, दुसरा हात वर. तोंड उघडलेलं दिसत होतं, आवाज येत नव्हता. आईलाही इथून कोणीतरी असंच पाहिलं असेल. कोणी कशाला, वहिनीने पाहिलं असेल. खिडकीत तेव्हा तीच होती.

मला गोड वाटलं. दुसरा शब्द शोधला, पण तोच खरा आहे.

थोड्या वेळाने शालीखाली तिचा फोन वाजू लागला. अनोळखी नंबर होता. दुकानदाराच्या फोनवरून ती स्वतःलाच फोन करत असणार. पाठ असलेला नंबर पहिल्यांदा आठवतो तो आपलाच. पुढची बाई म्हणाली, "अहो, उचला की कोणीतरी." तिचा नवरा म्हणाला, "एक झोपलीये, एकीचं मौन. आपल्याला काय करायचंय?" फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. मी शाल नीट केली.

शहरात शिरल्यावर भोंग्याने दिवे लावले आणि मागे आला. उशी दिसली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग उशीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जाग्यावर बसत गेली. निळी उशी त्याने ओळखली. "मावशी," तो इतक्या हळू म्हणाला, की भोंग्याचा आवाज असाही असतो हे मला तेव्हा कळलं, "ती आजी तुमची कोण?" मी उतरले. वहिनीचं सामान मी बरोबर घेतलं.

घरी येऊन दिवा लावला आणि तेवढ्यात दादाचा फोन आला.

"चिमे, ती तिथेच राहिली! दुकानदाराच्या फोनवरून बोलली, नुसती रडतेय. तू शेजारी होतीस ना?"

"होते."

"मग?"

"दीपगृहवाल्याच्या घरी जायला सांग. त्याची बायको चांगली आहे. सकाळी मासळीचा टेम्पो निघतो. मी सकाळी तुझ्याकडे येते, दादा."

सकाळी मी गेले तेव्हा वहिनी नुकतीच आली होती. केस खाऱ्या वाऱ्याने चिकटलेले, अंगाला मासळीचा वास, समईचा एक शंख फुटलेला. मला पाहताच ती उठलीच.

"आल्या! विचारा यांना! देवभोळ्या म्हणे! मुद्दाम केलं यांनी. मी फाटकापर्यंत धावत आले होते, सांगून गेले होते मी यांना!"

"अगं, गर्दीत राहिलं असेल गाईडच्या लक्षात यायचं," दादा म्हणाला. त्याचा आवाज तोच होता, समजुतीचा, आईशी बोलायचा तो.

"काय राहिलं असेल? त्यांच्या गाडीत असं राहतच नाही कोणी!" वहिनी किंचाळली. "प्रत्येकाला शेजारच्याचं विचारतात. शेजारी आहे का, शेजारी आहे का, रांगेरांगेने! नाही म्हटलं की गाडी जागची हलत नाही. शेजाऱ्याने सोडलं तरच माणूस मागे राहतं, त्याशिवाय राहूच शकत नाही, कळलं?"

बाहेर कोणाचा तरी कुकर शिटी देत होता. सकाळ होती, माझं मौन नव्हतं. तरी मी गप्प राहिले.

"राहूच शकत नाही?" दादाने विचारलं.

"नाही म्हणतेय ना!"

"मग आई कशी राहिली?"

वहिनीने चिकटलेले केस मागे सारले. "त्यांचं... माझा डोळा लागला होता तेव्हा. सांगितलं होतं मी."

"डोळा लागला होता तर शेजारी आहे असं कोण म्हणालं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी तिच्या लक्षात आलं, की तिला तिथे का नेलं होतं. मी पिशवीतून निळी उशी आणि शाल काढून मधल्या टेबलावर ठेवली. "ही राहिली होती गाडीत," मी म्हणाले. "गाईडने ओळखली. उन्हाळ्यात त्यानेच सांगितलं होतं, आईच्या सीटवर निळी उशी होती, शालीखाली."

दादाने उशीवर हात ठेवला. वहिनी बोलत होती. दिवसभर म्हातारीचं करून जीव जायचा, एक धडा मिळावा एवढंच मनात होतं, पुढचं कोणाला माहीत होतं, खोली काय मी डोक्यावर घेऊन जाणार होते. शेवटचं वाक्य तिचं तिलाच ऐकू आलं आणि ती थांबली.

दादा उठला. स्क्रू पिळायचा पेचकस घेऊन पार्लरच्या दाराशी गेला. बाहेरची कडी अजून तशीच होती. त्याने ती काढायला घेतली. एक स्क्रू गंजला होता, निघेना. तो चौकटीला कपाळ टेकून तो पिळत राहिला. उघड्या दारातून आतल्या भिंतभर आरशात त्याचं तोंड तेवढं दिसत होतं, आणि ते मला बघवेना. मग तो न वळता म्हणाला, "ती विसरली नव्हती."

"नव्हती," मी म्हणाले.

"तू काल मुद्दाम केलंस, चिमे?"

वहिनी माझ्याकडे बघत होती. मला सुटायला वाट होती. मौन होतं म्हणता आलं असतं, आणि तेही खरंच होतं.

"हो," मी म्हणाले. "दिवस लहान व्हायची वाट पाहून."

स्क्रू निघाला. कडी त्याच्या हातात आली. "तू काही दिवस इकडे येऊ नकोस," तो म्हणाला. मी चपला घातल्या. वहिनी टेबलापाशी उभी होती. उशीचं बूच तिने उघडलं होतं आणि हवा जाताना बारीक आवाज होत होता.

संध्याकाळी मी दिवा लावला, प्रार्थना म्हटली. त्या प्रार्थनेत शेवटी एक ओळ आहे, माझ्या हातून कोणाचं वाईट झालं असेल तर मला क्षमा कर. लहानपणी आईनेच शिकवलेली. तिथे आले आणि थांबले. मला वाईट वाटत नव्हतं, मग मागायचं कसं? देवापुढे तरी खोटं कशाला. तेवढी ओळ सोडून मी पुढचं म्हटलं. अजूनही सोडूनच म्हणते.